फॉर्मवर पाचपैकी पाच

नाशिक, सिडको. सकाळचे साडेदहा. लिफ्ट नाही, तिसरा मजला, आत कॉटवर ताईंचे सासरे, लकवा झालेले. घरी पेशंट सांभाळायला माणसं पाठवणाऱ्या ब्युरोच्या मावशी आल्यात, दीडपर्यंत थांबतील, म्हणजे ताईंना तेवढे तीन तास मोकळे. याला रेस्पाइट केअर म्हणतात, आणि ती पेशंटसाठी नाही हां, पेशंटचं सगळं करणाऱ्या माणसाला थोडी उसंत मिळावी म्हणून असते.

आता ही सेवा बरी की वाईट, हे कळणार कसं? फॉर्म येतो, समाधानी आहात का, एक ते पाच. मावशी शेजारीच उभ्या, सासरे ऐकतायत, उद्या परत याच मावशी यायच्यात, मग दोन कोण लिहिणार? पाचवर टिक आणि रिपोर्ट एकदम चकाचक.

तयार प्रश्नावल्या आहेत तशा. समाधान मोजणारी सीएसक्यू-८ म्हणून एक आहे १९७९ ची, आठच प्रश्न, स्कोअर ८ ते ३२, पण तिच्यातही लोक भरभरूनच मार्क देतात. दुसरी झरिट, २२ प्रश्न, शून्य ते ८८, ती मात्र सांभाळणाऱ्यावरचा ताण मोजते, समाधान नाही, आणि इथेच लोक घोळ घालतात. अहो, दिवसा तीन तास मिळाले म्हणून रात्री उठून कूस बदलायचं, डायपर बदलायचं थोडीच सुटतं? ताण आहे तिथेच, तरी बाई मावशींवर खूश असू शकते. डिमेन्शियाच्या (स्मृतिभ्रंशाच्या) पेशंटांच्या घरच्यांसाठीच्या रेस्पाइटवर २०१४ मध्ये कॉक्रेनने, म्हणजे वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेने, आढावा घेतला तेव्हा या सेवेचा उपयोग होतो का हे पाहणारे धड अभ्यास चारच सापडले, त्यांचाही पुरावा कच्चा.

आम्ही ताईंना जिन्याखाली गाठून वेगळंच विचारलं, त्या तीन तासांत करता काय?

"सुरुवातीला कुठे गेलेच नाही हो. मावशींना चहा केला, आंघोळ घालताना हाताखाली उभी राहिले. नवीन बाई, सोडून कसं जाणार?"

म्हणजे पाचपैकी पाच, आणि विश्रांती शून्य!

म्हणून आमचं मत, विचारायचं ते घराबाहेर, आणि ब्युरोच्या माणसाने तर नकोच. बाहेर गेलात का, घरी किती वेळा फोन करावा लागला, दर वेळी तीच मावशी येते का, ऐनवेळी दांडी किती वेळा. आणि हो, ही वेळ ठरवली कोणी? साडेदहा ते दीड ब्युरोच्या सोयीचं आहे. ताईंना हवी होती संध्याकाळ, मुलीला क्लासहून आणायला.