खुंटा हातात आला तेव्हा

नमस्कार मंडळी.

गेल्या हिवाळ्यात गावी मावशीसमोर फोन ठेवून म्हटलं, "जात्यावरच्या ओव्या सांग, रेकॉर्ड करते." ती म्हणाली, "आता कुठल्या आठवायच्या गं? गिरणी आली नि ओव्या गेल्या." तासाभरात जेमतेम दोन निघाल्या. दुसऱ्या दिवशी मावसभावानं परसात पालथं पडलेलं जातं धुऊन आणलं. मावशीनं खुंटा धरला, मूठभर जोंधळा वैरला, आणि न थांबता 22 ओव्या म्हटल्या.

त्या तिच्या डोक्यात नव्हत्याच, दंडात होत्या!

ही परंपरा जुनी आहे. 1129 सालच्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात, महाराष्ट्रात बायका कांडताना ओवी गातात अशी नोंद आहे. म्हणजे ज्ञानेश्वरीच्याही दीडशे वर्षं आधी. ज्ञानदेवांनी ज्या छंदाला ग्रंथात मान दिला, तो घराघरांत कष्टाच्या सोबतीनं आधीच नांदत होता. मला याचा फार अभिमान वाटतो.

अभ्यासक हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह हजारांहून अधिक गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. आज त्यांतल्या कितीतरी 'पारी' या ग्रामीण भारताविषयीच्या संकेतस्थळावर ऐकता येतात. जरूर ऐका. माहेर, भाऊराया, पंढरीची वाट हे सगळं तर आहेच. पण वनवासातल्या सीतेला बायका आपली सखी समजून बोलतात, आणि बाबासाहेब आंबेडकरांवर तर कितीतरी ओव्या आहेत. ज्या बाईला घरात तोंड उघडायची सोय नव्हती, ती पहाटे दगडापाशी सासरचं, नवऱ्याचं, गावाचं सगळं बोलून घ्यायची. कागदावरच्या इतिहासात हा आवाज फारसा सापडत नाही.

म्हणून माझी कळकळीची विनंती आहे. इथून परदेशातून भारतात फोन कराल तेव्हा आई, आजी, आत्याला नुसतं "गाऊन दाखव" म्हणू नका. त्या तांदूळ निवडत असतील, मटार सोलत असतील, शेवया वळत असतील, तेव्हा विचारा. हाताला काम असू द्या. आणि ओवीत कुणाचं नाव आलं, तर ते कोण हेही विचारून घ्या.

माझ्या रेकॉर्डिंगमधली शेवटची ओवी अर्धीच आहे. पहिली ओळ मावशीची. दुसरी ओळ जात्याच्या पलीकडे बसून माझी आई म्हणायची. तिथं मावशी थांबते, आणि मग नुसती जात्याची घरघर ऐकू येते.