आत्याची निळी बाटली

मंडळी, पत्रिकेत विषय ‘जुनी, स्वस्त सेंटं’ असा छापलाय. कार्यवाहांना ‘सुगंधी द्रव्यं’ हवं होतं. मी म्हटलं, आमच्या गिरगावात अंगाला लावतात ते सेंट, कानात फाया ठेवतात ते अत्तर, आणि सुगंधी द्रव्यं फक्त पूजेच्या यादीत. असो.

आमच्या आत्याच्या गोदरेजच्या कपाटात, दागिन्यांच्या लॉकरमध्ये, एक गडद निळी बाटली असायची. ‘ईव्हनिंग इन पॅरिस’. बघा, माना हलल्या, वयं कळली! आत्या ती लग्नाकार्यालाच काढायची. ओलं बूच कानामागे टेकवलं की बाटली परत कुलपात. मी आठ वर्षांचा. एकदा किल्ली लॉकरलाच राहिली. मी बूच काढलं, हुंगलं, आणि पाव बाटली सदऱ्यावर उपडी झाली. आता? चाळीत दुपारी नळ कोरडा, म्हणून पिंपातलं पाणी घालून बाटली होती तितकी भरली. निळ्या काचेतून काही दिसेना. मी निर्धास्त.

सेंटातलं तेल मद्यार्कात विरघळलेलं असतं. पाणी वाढलं की ते बारीक थेंबांनी सुटं होतं आणि सगळं दुधाळ दिसतं. मला हे कॉलेजात कळलं, आत्याला चुलतभावाच्या लग्नात. बोटावर थेंब घेतला तर पांढरा! माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘पॅरिसात आज दूधवाला लवकर आलेला दिसतो.’ त्या दिवशी पंगतीत माझ्या पानात जिलबी पडली नाही. अजून विसरलेलो नाही.

सदरा मात्र तीन धुण्यांनंतरही दरवळत होता. त्यावरच खरं तर मला... काय? दहा मिनिटं आहेत ना? चिठ्ठीत तर पाचच उरली असं लिहिलंय. बरं, पळतो.

एक. ते सेंट बूर्ज्वा कंपनीने १९२८ साली काढलं. अमेरिकेत औषधांच्या दुकानातसुद्धा मिळायचं, इतकं परवडणारं. बनवणारा कोण? एर्नेस्ट बो. त्यानेच १९२१ साली शनेल नंबर फाइव्ह हे महागडं सेंट बनवलं होतं. नाक तेच, किंमत वेगळी. स्वस्त म्हणजे दुय्यम, हे आपण दुकानदारांकडून शिकलो.

दोन. जुन्या सेंटांत ओकमॉस सढळ हाताने घालत. ओकच्या झाडावरचं दगडफूलच म्हणा. बायकांनो, गोडा मसाला आठवा. ओकमॉसमधल्या अ‍ॅट्रॅनॉल नावाच्या घटकाची काहींना अ‍ॅलर्जी होते, म्हणून युरोपीय संघाने २०१७ साली त्यावर बंदीचा नियम केला. नियम योग्यच आहे, पण तो ओलसर रानवास नव्या बाटलीत तसा सापडत नाही. कातडी नाजूक असेल त्यांनी जुनं सेंट रुमालालाच लावावं.

तीन. चोरबाजारात जुनी बाटली मिळाली तर पहिल्या वासाला नाक मुरडू नका. लिंबू-संत्र्याच्या जातीचे वास सगळ्यात आधी बिघडतात. दहा मिनिटं थांबलात की खालचा वास वर येतो. बूच मात्र नीट तपासा. मला एकाने निळ्या बाटलीत चक्क गुलाबपाणी विकलंय. आणि घरी बाटली खिडकीत मांडून ठेवू नका. ऊन आणि उकाडा दोन्ही तिचे वैरी. आत्याचा लॉकर उत्तम होता, फक्त किल्ली...

हो, हो, थांबतो. या सेंट लावलेल्या कागदाच्या पट्ट्या मागच्या रांगेपर्यंत जाऊ द्या. आणि कुणीतरी तेवढा पंखा बंद करा, नाहीतर सगळा वास अध्यक्षांनाच मिळेल.