साक्षीचं समन्स आलं, तर

श्रोतेहो, नमस्कार.

पोलीस ठाण्यातून हवालदार येतो, नाव विचारतो आणि हातात एक कागद देतो. त्यावर खटल्याचा नंबर, कोर्टाचं नाव, तारीख आणि 'सकाळी अकरा वाजता साक्षीकामी हजर राहावे' एवढंच लिहिलेलं असतं. घरात लगेच चर्चा सुरू होते. आपण कुणाचं काही वाईट केलं नाही, मग आपल्याला कोर्टात कशाला बोलावलं? फौजदारी वकील म्हणून काम करताना कोर्टाच्या व्हरांड्यात असे घाबरलेले चेहरे मी नेहमी बघते. फौजदारी खटला उभा राहतो तो या माणसांच्या साक्षीवर, आणि नेमकं त्यांनाच आत काय होणार हे कुणी सांगत नाही. याची मला खरोखर चीड आहे. म्हणून आज मी फक्त साक्षीदारांशी बोलणार आहे.

पहिली गोष्ट, कुठलं कोर्ट ते समन्सवर नीट वाचा. मारहाण, चोरी, फसवणूक असे गुन्हे बहुधा प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे चालतात. त्यांना तीन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा देता येते. खून, दरोडा, बलात्कार असे खटले सत्र न्यायालयात जातात. तिथे फाशीही सुनावता येते, पण उच्च न्यायालयानं कायम केल्याशिवाय ती अमलात येत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम हे तीन नवे कायदे लागू झाले. कलमांचे आकडे त्यामुळे बदलले. साक्षीदाराचं काम मात्र होतं तेच राहिलं.

कोर्टात पोचलात की आधी पैरवीचा पोलीस शोधा. हातात फायलींचा गठ्ठा असलेला हा हवालदार किंवा जमादार आलेल्या साक्षीदारांची नोंद घेतो आणि सरकारी वकिलांना सांगतो. मग शिपाई पुकारा करील तेव्हा आत जायचं. समोर उंचावर न्यायाधीश बसलेले असतात. त्यांच्या पुढ्यात खाली कोर्टाचे कारकून आणि कॉम्प्युटरवर बसलेले लघुलेखक. एका बाजूच्या पिंजऱ्यात तुम्ही उभे राहता, आरोपी दुसरीकडे असतो. वय झालं असेल, पाय दुखत असतील तर खुर्ची मागा. मिळते.

आता सरकारी वकील. खटल्याचं नाव 'महाराष्ट्र शासन विरुद्ध अमुक अमुक' असं असतं, म्हणजे फिर्याद कुणाचीही असली तरी खटला शासनाचा. त्यामुळे फिर्यादीला वाटतं हे आपले वकील, आणि पोलिसांना वाटतं हे आपले. खरं तर ते दोघांचेही नाहीत. काहीही करून शिक्षा लावणं हे त्यांचं काम नाही. आरोपीच्या बाजूनं जाणारा कागद हाती आला, तर तोही कोर्टापुढे ठेवायला ते बांधलेले आहेत. पीडित व्यक्तीला मदतीसाठी स्वतःचा वकील देता येतो, पण तो सरकारी वकिलांना साहाय्य करतो, खटल्याची सूत्रं त्याच्या हातात जात नाहीत.

शपथ झाली की सरकारी वकील प्रश्न विचारतात. याला सरतपास म्हणतात. इथे तुमच्या तोंडात उत्तर घालायला एरवी मनाई आहे. 'तेव्हा रामभाऊच्या हातात कोयता होता ना?' असं विचारता येत नाही, 'तुम्ही काय पाहिलं?' असंच विचारावं लागतं. पाहिलं ते सांगा, ऐकलं असेल तर ऐकलं म्हणा. आठवत नसेल तर 'आठवत नाही' हे पूर्ण उत्तर आहे. अनेक जण वकिलांना बरं वाटावं म्हणून घटनेत भर घालतात आणि पुढे उलटतपासात तीच भर त्यांच्या अंगाशी येते.

उलटतपास घेतात आरोपीचे वकील. लोकांना भीती वाटते ती यांचीच, म्हणून इथे जरा थांबते. घटना घडल्यावर पोलिसांनी तुमचा जबाब लिहून घेतलेला असतो. कायद्यानं त्यावर तुमची सही घ्यायची नसते आणि तो जबाब म्हणजे पुरावाही नसतो. पण तुम्ही आज कोर्टात सांगितलं आणि जबाबात ते नाही, असं काही सापडलं की वकील विचारणारच. 'आरोपीनं शिवी दिली हे पोलिसांना सांगितलं होतं?' 'हो, सांगितलं होतं.' 'मग जबाबात का नाही?' यावर साक्षीदार गांगरतो. वास्तविक लिहिणारा तो नव्हता. कोर्टाच्या कागदांत अशा ठिकाणी एक ठरलेलं वाक्य तुम्हाला पानोपानी दिसेल: 'माझ्या जबाबात ते का नमूद नाही, याचे कारण मी सांगू शकत नाही.' हे प्रामाणिक उत्तर आहे. त्यानं साक्ष बुडत नाही.

दुसरी अडचण शेवटच्या प्रश्नांची. 'तुम्ही त्या वेळी तिथे हजर नव्हता असं माझं म्हणणं आहे, हे खरं आहे का?' 'फिर्यादी तुमचा नातलग आहे म्हणून तुम्ही खोटी साक्ष देताय, हे खरं आहे का?' हे ऐकून माणसं चिडतात, पिंजऱ्यातून भांडायला लागतात, बायकांच्या डोळ्यांत पाणी येतं. मंडळी, आरोपीचा बचाव काय आहे ते साक्षीदाराला विचारणं वकिलावर बंधनकारक असतं. विचारलं नाही तर पुढे युक्तिवादात तो मुद्दा लंगडा पडतो. तुम्ही शांतपणे 'खरं नाही' म्हणा. प्रश्नात दोन नकार असतील, कशाला हो आणि कशाला नाही म्हणायचं ते कळलं नाही, तर सरळ न्यायाधीशांकडे बघून 'साहेब, प्रश्न समजला नाही' असं सांगा. त्यांना स्वतः कोणताही प्रश्न विचारण्याचा आणि अपमान करणारा प्रश्न रोखण्याचा अधिकार आहे.

मग असे वकील आरोपीला द्यायचेच कशाला, असं मला समारंभांतही विचारलं जातं. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्याचा खटला आठवा. कसाबला कोर्टानं वकील दिला, उच्च न्यायालयात दिला, सर्वोच्च न्यायालयात राजू रामचंद्रन यांना नेमलं. त्याच खटल्यात कटात सामील असल्याचा आरोप असलेले दोन भारतीय पुराव्याअभावी सुटले आणि त्यांची सुटका सर्वोच्च न्यायालयापर्यंत टिकली. पुराव्यांची दुसऱ्या बाजूनं तपासणी झालीच नसती, तर त्या दोघांचं काय झालं असतं? वकील परवडत नसेल तर तो मोफत मिळणं हा आरोपीचा हक्क आहे. तालुका विधी सेवा समित्या आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणं त्याचसाठी आहेत, १५१०० हा त्यांचा फोन नंबर आहे.

आरोपी स्वतः गप्प का बसतो, हेही खटकतं अनेकांना. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला त्याला भाग पाडता येत नाही, राज्यघटनेनंच तसं म्हटलं आहे. तुमच्या सगळ्यांच्या साक्षी झाल्या की न्यायाधीश त्याला एकेक मुद्दा वाचून दाखवतात आणि 'यावर काय म्हणायचं आहे?' विचारतात. ही विचारणा शपथेवर नसते.

निर्णय एकटे न्यायाधीश देतात. पूर्वी आपल्याकडे ज्यूरी होती, म्हणजे आरोपी दोषी की निर्दोष हे सांगणारे सामान्य नागरिक. १९५९ साली मुंबईत नौदल अधिकारी नानावटी यांच्यावरच्या खुनाच्या खटल्यात ज्यूरीनं आठ विरुद्ध एक मतांनी आरोपीला निर्दोष ठरवलं. न्यायाधीशांना ते पटलं नाही, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं, तिथे जन्मठेप झाली आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्यूरीला जागा उरली नाही.

पंच म्हणून सही केलेल्यांनाही दोन शब्द. पंचनामा वाचल्याशिवाय सही करू नका. पुढे कोर्टात 'मी कोऱ्या कागदावर सही केली' म्हटलं की सरकारी वकील तुम्हाला फितूर ठरवून तुमचाच उलटतपास घेण्याची परवानगी मागतात. आता झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करणं सक्तीचं आहे, त्यामुळे तुम्ही तिथे होतात की नाही हे पडद्यावर दिसू शकतं.

धमक्या येत असतील तर मात्र गप्प राहू नका. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये साक्षीदार संरक्षण योजना देशभर लागू केली. अर्ज पोलिसांमार्फत किंवा सरकारी वकिलांमार्फत करता येतो. आरोपीचे नातलग त्याच व्हरांड्यात, त्याच बाकावर शेजारी बसलेले असतात, ही आपल्या जुन्या कोर्ट-इमारतींची लाजिरवाणी स्थिती आहे. स्वतंत्र खोली नसेल तर पैरवीच्या पोलिसाला सांगून सरकारी वकिलांच्या कार्यालयात बसा. तारीख पडली तर पुढची तारीख तोंडी घेऊ नका, चिठ्ठीवर लिहून घ्या.

आणि शेवटी, साक्ष संपली म्हणून लगेच खाली उतरू नका. तुम्ही बोललात ते न्यायाधीश सांगत गेले आणि लघुलेखकानं टाइप केलं. तो कागद तुम्हाला वाचून दाखवला पाहिजे. इंग्रजीत असेल आणि तुम्हाला इंग्रजी येत नसेल तर मराठीत समजावून दिला पाहिजे. 'डाव्या हाताला' म्हटलं होतं आणि 'उजव्या' लिहिलंय, तर तिथेच सांगा. न्यायाधीश दुरुस्ती करतात किंवा तुमची हरकत नोंदवून घेतात. सही मागितली, तर ती त्यानंतरच करा. जाण्यायेण्याच्या खर्चाचा भत्ता कोर्टातून मिळतो, त्याचा अर्ज कारकुनाकडे त्याच दिवशी द्या, एसटीचं तिकीट जोडायला विसरू नका.

नमस्कार.