मुलांचा हट्ट मोडत का नाही?

मूल मोबाइलसाठी रडतंय. तुम्ही चार वेळा ठाम ‘नाही’ म्हणता आणि पाचव्यांदा वैतागून देऊन टाकता. वर्तनवाद हा मानसशास्त्रातला एक विचारप्रवाह. तो म्हणतो, हट्ट पक्का होतो तो या पाचव्या वेळेमुळेच. कसा, ते बघूया.

नमस्कार! १९१३ मध्ये मानसशास्त्रज्ञ जॉन वॉटसन यांनी मांडलं की मनात काय चाललंय ते दिसत नाही, मग मानसशास्त्राने जे दिसतं त्याचा, म्हणजे वर्तनाचा अभ्यास करावा. हाच वर्तनवाद. खाण्याच्या इशाऱ्यावरच लाळ गाळणारे पाव्हलॉव्ह यांचे कुत्रे तुम्हाला शाळेपासून माहीत असतील. आज आपल्याला हवेत ते दुसरे वर्तनवादी, बी. एफ. स्किनर.

स्किनर यांच्या पेटीत उंदराने दांडी दाबली की खाण्याची एक गोळी पडायची. गोळी मिळते म्हणून दाबणं वाढतं, याला म्हणतात प्रबलन. गंमत पुढेच आहे. या गोळ्या स्किनर स्वतः बनवायचे. एका शनिवारी दुपारी त्यांनी साठा पाहिला, तर सोमवारी सकाळीच तो संपणार होता. मग त्यांनी ठरवलं, दर वेळी कशाला, मिनिटाला एकच गोळी देऊ. तरी उंदीर दांडी दाबतच राहिले! पुढे त्यांचे सहकारी फर्स्टर आणि स्किनर यांनी १९५७ मध्ये, बक्षीस कधी द्यायचं याच्या अशा वेळापत्रकांवर जाडजूड ग्रंथच काढला.

आता खाणं पूर्ण बंद करा. दर वेळी गोळी मिळण्याची सवय असलेला उंदीर लवकर नाद सोडतो. अधूनमधून मिळणारा मात्र कितीतरी वेळ दाबत राहतो, कारण रिकामी खेप त्याला नवीन नसते. तुमचे चार नकार मुलालाही असेच सवयीचे झालेले असतात.

आणखी एक. बक्षीस थांबलं की वागणं ओसरण्याआधी अनेकदा उसळतं. रडणं वाढतं, वस्तू फेकल्या जातात. पालक नेमके इथेच हरतात, आणि मग बक्षीस मिळतं ते जास्त मोठ्या रडण्याला.

पण मूल भुकेने, भीतीने रडत असेल तर? तिथे दुर्लक्ष करणं मला साफ चुकीचं वाटतं. का रडतंय, हे आधी विचाराच. आतलं काही न विचारणं हीच वर्तनवादाची उणीव. १९३० मध्ये टोलमन आणि हॉन्झिक या मानसशास्त्रज्ञांचे उंदीर बक्षीस नसतानाही भूलभुलैयाची वाट शिकले होते. खाणं ठेवल्यावरच ते दिसून आलं, म्हणजे तोवर शिकणं आतच होतं.

मोबाइल द्यायचाच असेल, तर रडू फुटायच्या आत, नीट मागितल्यावर लगेच द्या. रडणं सुरू झाल्यावर मात्र त्या वेळेपुरता नाहीच.