अडीच लाख कामगार संपावर, आणि सहीचा हक्क भलत्याच युनियनला

नमस्कार मंडळी. १८ जानेवारी १९८२. मुंबईतल्या साधारण साठ कापड गिरण्या, अडीच लाखाच्या आसपास कामगार, आणि त्या दिवशी सुरू झालेला संप आजपर्यंत अधिकृतपणे मागे घेतलेला नाहीये. हे बऱ्याच जणांना माहीत असतं. त्याच्या जोडीला एक वाक्यही माहीत असतं, लग्नात, लोकलमध्ये, कुठेही विषय निघू दे, कोणीतरी म्हणतंच की युनियनबाजीने गिरण्या बुडाल्या. आज मला या वाक्याबद्दल बोलायचंय. मी डाव्या विचाराचा आहे हे आधीच सांगतो, आणि युनियनवर टीका मलाही करायचीय, पण ती मालकाच्या खुर्चीत बसून नाही, पाळी संपवून गेटबाहेर पडणाऱ्या माणसाच्या बाजूने.

तर पहिली गोष्ट. गिरण्यांमध्ये युनियन तेव्हाही होती. राष्ट्रीय मिल मजदूर संघ, इंटकची, म्हणजे काँग्रेसच्या घरातली. आणि मुंबईतल्या सगळ्या कापड गिरण्यांच्या वतीने मालकांशी बोलायचा, करारावर सही करायचा हक्क कायद्याने फक्त तिलाच होता. म्हणजे १९८२ चा संप मालकांच्या विरोधात होता तितकाच तो या युनियनच्याही विरोधात होता, आणि हेच सांगायचं राहून जातं. १९८१ च्या दिवाळीत बोनसवरून असंतोष पेटला, मान्यताप्राप्त युनियनने जे मान्य केलं ते खात्याखात्यातल्या लोकांना मान्य नव्हतं, आणि लोक स्वतःहून उठून घाटकोपरला कामगार पुढारी डॉ. दत्ता सामंतांकडे गेले की आमचं नेतृत्व करा. मागण्या काय होत्या? पगारवाढ, बदली कामगारांना, म्हणजे कायम माणूस नसेल त्या दिवशीच काम मिळणाऱ्यांना, कायम करा, आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती तिसरी, बीआयआर कायदा रद्द करा.

हा बीआयआर कायदा म्हणजे मुंबई औद्योगिक संबंध अधिनियम, १९४६ चा. हा समजला की बाकीचं आपोआप समजतं. एका भागातल्या एका धंद्यात ज्या युनियनकडे पंचवीस टक्के सभासद आहेत तिला प्रातिनिधिक संघटनेचा दर्जा मिळू शकतो, आणि एकदा तो मिळाला की ती शंभर टक्के कामगारांच्या वतीने बोलणार. उरलेल्या पंचाहत्तर टक्क्यांना कोणी विचारायचं नाही. गुप्त मतदान नाही, पावत्या आणि रजिस्टर बघून रजिस्ट्रार ठरवणार. दुसऱ्या युनियनला ती जागा घ्यायची तर तिनेही सभासदांचा हिशोब घेऊन त्याच सरकारी टेबलासमोर उभं राहायचं, आणि सरकार कोणाचं, तर ज्या पक्षाची ती युनियन त्याच पक्षाचं, मुंबईतही आणि दिल्लीतही.

हा कायदा आणला तेव्हा मुंबई प्रांताचे मजूरमंत्री गुलझारीलाल नंदा होते, अहमदाबादच्या मजूर महाजन या गिरणी कामगारांच्या संघटनेत वर्षानुवर्षं काम केलेले. मालक आणि कामगार एका कुटुंबातले, भांडण सामोपचाराने मिटवायचं, संप अगदी शेवटी, ही तिथली शिकवण. आता कुटुंब म्हटलं की कुटुंबप्रमुख आला, आणि तो कधी साचेखात्यातला, म्हणजे मागावर कापड विणणारा, नसतो. याच्या आधी १९३८ साली असाच एक कायदा आला होता, तेव्हा डॉ. आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि लाल बावट्याचे कम्युनिस्ट एकत्र आले आणि ७ नोव्हेंबर १९३८ ला मुंबईत एक दिवसाचा संप केला. बाबासाहेबांनी विधिमंडळात जे मांडलं त्याचा आशय असा की संपाचा हक्क म्हणजे स्वातंत्र्याचाच हक्क, माणसाला त्याच्या मनाविरुद्ध कामावर जुंपणं ही गुलामी आहे. ४६ चा कायदा त्याच वाटेवरचं पुढचं पाऊल होतं, आणि संप बेकायदा ठरवायच्या सगळ्या पायऱ्या त्यात आधीच बांधलेल्या होत्या.

म्हणजे १९८२ मध्ये मालकांच्या हातात काय काय होतं बघा. पैसा तर होताच. शिवाय भिवंडीचे पॉवरलूम, म्हणजे यंत्रमाग, होते, गिरणीचे साचे जरी थांबले तरी तिथे स्वस्त मजुरीवर कापड निघत होतं आणि गिरणीच्या नावाने बाजारात जाऊ शकत होतं. पायाखाली शेकडो एकर जमीन होती, परळ, लालबाग, वरळी, शहराच्या ऐन मध्यात, आणि ती जमीन तिथे चालणाऱ्या धंद्यापेक्षा महाग होत चालली होती, त्यामुळे घाई कामगाराला होती, मालकाला नव्हती. आणि या सगळ्याच्या वर, सामंतांशी आम्ही बोलूच शकत नाही, कायदा परवानगी देत नाही, हे साळसूदपणे सांगायची सोय होती. अडीच लाख माणसं रस्त्यावर आहेत, गावाकडे जाऊन शेतावर राबतायत, बायका भांडीकुंडी गहाण टाकतायत, आणि कागदावर मात्र त्यांचं प्रतिनिधित्व करणारी युनियन संपावरच नाही. मला हे दरवेळी वाचताना राग येतो.

आता अवघड भाग. सामंतांची युनियन तरी निर्दोष होती का? मला तसं वाटत नाही. त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नाही, १६ जानेवारी १९९७ ला पवईत त्यांचा गोळ्या घालून खून झाला, तो माणूस शेवटपर्यंत कामगारांत होता. पण सगळा निर्णय एका माणसाभोवती फिरत राहिला. डॉक्टर सांगतील ते. गावोगावच्या कामगारांनी, चाळीतल्या बायकांनी संप महिनोन्महिने तगवला, ती ताकद खालची होती, पण पुढे काय करायचं, कुठे थांबायचं, याचा फैसला त्यांच्या हातात असावा अशी पक्की रचना उभी राहिली नाही. आणि भिवंडीत पॉवरलूमवर बारा बारा तास उभा असलेला मजूर, तोच खरा पेच होता, त्याचे साचे चालू असताना मुंबईचे बंद साचे मालकाला किती दुखणार? त्याला सोबत घेतल्याशिवाय हा संप जिंकणं कठीण होतं असं माझं मत आहे.

आणि हा रोग जुना आहे, कोणाला बाहेर ठेवायचं याचा. १९२८ चा मोठा संप घ्या, सहा महिने चालला, गिरणी कामगार युनियन त्यातूनच उभी राहिली, आमच्या डाव्यांच्या अभिमानाची गोष्ट. पण त्याच गिरण्यांमध्ये साचेखात्यात, जिथे पगार जास्त, तिथे अस्पृश्य कामगारांना घेत नव्हते. कारण काय, तर सुताची कांडी बदलताना धोट्याच्या, म्हणजे मागावर सूत इकडून तिकडे नेणाऱ्या तुकड्याच्या, भोकातून सूत तोंडाने ओढायचं असतं आणि सवर्ण विणकरांना विटाळ व्हायचा. बाबासाहेबांनी संपाच्या वेळी हा प्रश्न पुढाऱ्यांपुढे ठेवला की ही अडवणूक मोडायची मागणी तुम्ही का करत नाही. म्हणजे लाल बावट्याखालीही एक दार बंदच होतं. मनमाडला १९३८ मध्ये रेल्वेच्या दलित कामगारांच्या परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू सांगितले त्याच्यामागे हा अनुभव आहे, आणि बऱ्याच युनियन आजही दुसऱ्या शत्रूवर भाषण करतात, पहिल्यावर गप्प बसतात.

संपानंतर लाखाच्या वर लोकांच्या नोकऱ्या गेल्या. मग एकेक गिरणी बंद, व्हीआरएस म्हणजे स्वेच्छानिवृत्ती, आणि त्या व्यवहारांत कामगारांच्या वतीने सही करायचा हक्क कोणाकडे? परत त्याच मान्यताप्राप्त युनियनकडे. १९९१ च्या विकास नियमावलीत जमिनीचे तीन वाटे ठरले होते, पालिकेला एक, म्हाडाला एक, मालकाला एक. २००१ मध्ये नियम असा बदलला की वाटणी फक्त मोकळ्या जागेची, जिथे इमारती उभ्या आहेत ती जमीन धरायचीच नाही, आणि २००६ मध्ये सुप्रीम कोर्टानेही ते मान्य केलं. आज तिथे मॉल आणि टॉवर आहेत, आणि गिरणी कामगार घराच्या लॉटरीची वाट बघतोय, बऱ्याच ठिकाणी आता त्याची मुलं बघतायत.

हे सगळं आज का, तर नोव्हेंबर २०२५ पासून नवीन लेबर कोड, म्हणजे केंद्राच्या कामगार संहिता, लागू झाल्यात म्हणून. त्यातल्या औद्योगिक संबंध संहितेत एकावन्न टक्के सभासद असलेली युनियन एकटी बोलणी करणार. पंचवीसपेक्षा एकावन्न बरे की, असं वाटेल. पण मोजणार कोणाला? कंपनीच्या मस्टरवर असलेल्यांना. माझा एक मित्र चाकणला एका कारखान्यात आहे, नाव घेत नाही, लाइनवर त्याच्या शेजारी उभी असलेली बहुतेक पोरं कंत्राटी किंवा ट्रेनी, काम तेच, पगार निम्म्याच्या आसपास, आणि युनियनच्या तीन वर्षांच्या करारात त्यांच्याबद्दल एक ओळ नाही. पूर्वीचा बदली कामगार निदान गिरणीचा तरी म्हणवला जायचा, हा पोरगा कागदावर त्या कारखान्याचाच नाही. त्यात संपाला चौदा दिवसांची आगाऊ नोटीस लागते, आणि निम्म्या लोकांनी एकाच दिवशी रजा टाकली तरी तो संपच धरतात. तीनशेपेक्षा कमी कामगार असतील तर कपातीला सरकारची परवानगी नको, पूर्वी ही मर्यादा शंभर होती.

मग युनियन नकोच का? नाही, उलट. मुंबईतच कचरा वाहतूक श्रमिक संघ आहे, ज्यांचं नाव कोणाच्याच मस्टरवर नव्हतं त्या कंत्राटी सफाई कामगारांची युनियन, त्यात बहुसंख्य दलित. त्यांनी सुरुवातच तिथून केली जिथे मोठ्या युनियनचं लक्ष गेलं नव्हतं. वर्षानुवर्षं रस्त्यावर आणि कोर्टात लढून २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टातून २७०० जणांना महापालिकेत कायम करायचा निकाल मिळवला. त्यानंतरही कागदपत्रांवर नावाच्या स्पेलिंगमध्ये फरक आहे म्हणून कित्येकांना अडवून ठेवलं, आणि संघ त्या एकेका नावासाठी पुन्हा पालिकेच्या दारात जाऊन बसला.