छप्पर नसलेला कारखाना

[दृश्य: विमानातून दिसणारं अर्धवट बांधकाम. लोखंडी सांगाडे, टाक्या, नळ्यांचं जाळं.]

१९ मार्च १९६९. अमेरिकेच्या टेक्सास राज्यातलं बोमाँट शहर. ड्यू पाँट या रसायन कंपनीचा नवा कारखाना इथं उभा राहतोय. मिथेनॉल बनवण्याची एक नवी रीत कंपनीच्या हाती लागली आहे. तिचं पेटंट घेतलेलं नाही, बाहेर ती कुणाला सांगितलेलीही नाही. पण बांधकाम चालू असल्यामुळे छप्पर अजून चढलेलं नाही. यंत्रं कशी मांडली आहेत हे वरून नीट पाहिलं, तर जाणकाराला त्यावरून सगळी रीत उमगू शकेल.

त्या दिवशी एक छोटं विमान कारखान्यावर घिरट्या घालू लागलं. खालच्या लोकांना शंका आली, त्यांनी लगेच शोध घेतला आणि दुपारपर्यंत उलगडा झाला: विमानात दोन छायाचित्रकार होते. त्यांनी १६ छायाचित्रं काढून एका गिऱ्हाइकाला दिली होती. गिऱ्हाईक कोण, हे सांगायला त्यांनी साफ नकार दिला.

ड्यू पाँट कोर्टात गेली. छायाचित्रकारांचा बचाव बिनतोड वाटावा असा होता. आम्ही कुंपण ओलांडलं नाही, कुणाला लाच दिली नाही, कुणाचा विश्वास मोडला नाही. आकाश सगळ्यांचं आहे, आम्ही तिथून फोटो काढले, बस.

१९७० मध्ये अपील न्यायालयाने हा बचाव फेटाळला. न्यायाधीशांचं म्हणणं असं, की कुंपण घाला, दारं लावा, एवढी अपेक्षा मालकाकडून जरूर ठेवावी. पण अर्धवट इमारतीवर केवळ हेरांच्या भीतीने प्रचंड खर्चाचं छप्पर घालायला लावणं अन्यायाचं आहे. प्रत्येक धंद्याने अभेद्य किल्ला बांधावा, अशी सक्ती कायदा करत नाही.

हा निकाल मला फार मोलाचा वाटतो. कारण त्यात दोन्ही बाजू आहेत. चोराला तो माफ करत नाही, आणि मालकालाही विचारतो: तुझ्या आवाक्यातलं तू केलंस का?

[दृश्य: कोर्टाची इमारत, मग कागदपत्रांचे गठ्ठे.]

व्यापारी गुपितांचा आजचा जागतिक कायदा याच प्रश्नाभोवती फिरतो. १ जानेवारी १९९५ पासून अमलात आलेल्या जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स, म्हणजे बौद्धिक संपदेविषयीच्या, कराराच्या ३९व्या कलमात तीन अटी आहेत. माहिती त्या क्षेत्रातल्या लोकांना सर्रास ठाऊक नसावी. ती गुप्त आहे म्हणूनच तिला बाजारात किंमत असावी. आणि मालकाने ती गुप्त राखण्यासाठी परिस्थितीनुसार वाजवी काळजी घेतलेली असावी. २०१६ साली अमेरिकेने संपूर्ण देशासाठी दिवाणी कायदा केला, त्याच वर्षी युरोपीय संघाने आपला निर्देश, म्हणजे सदस्य देशांनी आपापल्या कायद्यात आणायचा नियम, काढला. दोन्हींत हीच तीन सूत्रं आहेत. भारतात वेगळा कायदा नाही. इथली न्यायालयं करार आणि विश्वासभंग यांच्या तत्त्वांवर निकाल देतात. विधी आयोगाने मार्च २०२४ मधल्या २८९व्या अहवालात स्वतंत्र कायद्याची शिफारस केली आहे.

पहिल्या दोन अटी बहुतेक धंद्यांना जमतात. खटले घसरतात ते तिसऱ्या अटीवर. सूत्र सगळ्यांच्या संगणकात उघडं, पासवर्ड सगळ्यांचा एकच, पुरवठादाराला नकाशे दिले पण गोपनीयतेच्या करारावर सही घ्यायची राहिली. आणि मग गुपित फुटल्यावर चोराच्या नावाने शंख. न्यायाधीश तेव्हा शांतपणे विचारतात, की तुम्हीच ज्याला गुपित मानलं नाहीत, त्याला आम्ही का मानावं?

[दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली चमचमणारी सोनेरी भुकटी.]

वाजवी काळजी कशी असते, हे पाहायला १८४० च्या दशकातल्या लंडनमध्ये जाऊ. हेन्री बेसेमर हा तरुण संशोधक. सोनेरी रंगात वापरली जाणारी ब्राँझची भुकटी त्या काळी मोठ्या कष्टाने, हातांनी बनवली जाई, म्हणून ती अतोनात महाग असे. बेसेमरने ती यंत्रावर बनवण्याची युक्ती शोधली आणि तो विचारात पडला. पेटंट घ्यावं, तर यंत्राचं वर्णन जाहीर करावं लागणार. ते वाचून कुणीही कुठल्या तरी बंद खोलीत तसंच यंत्र उभारेल, आणि भुकटीकडे पाहून ती कुठल्या यंत्राची, हे कुणाला सिद्ध करता येणार नाही.

मग त्याने पेटंट घेतलंच नाही. यंत्राचे भाग वेगवेगळ्या कारागिरांकडून करवून घेतले, म्हणजे संपूर्ण यंत्र कुणालाच कळू नये. जुळणी स्वतः केली. आत कामाला बायकोचे भाऊ ठेवले. ही युक्ती सुमारे चाळीस वर्षं षट्कर्णी झाली नाही.

याच बेसेमरने १८५६ मध्ये पोलाद बनवण्याची नवी पद्धत जगापुढे मांडली, तेव्हा मात्र पेटंट घेतलं. माणूस तोच, निर्णय उलटा. पोलादाची पद्धत त्याला अनेक कारखानदारांना परवाने देऊन विकायची होती. जी गोष्ट दहा भट्ट्यांवर चालणार, ती झाकून राहणं अशक्य. भुकटीचं यंत्र मात्र एका भिंतीआड मावत होतं. पेटंट की गुपित, या प्रश्नावर आजही यापेक्षा चांगली कसोटी मला दिसत नाही. माल बाजारात गेल्यावर तो उघडून, तपासून कुणाला रीत कळेल का? कळणार असेल तर पेटंट घ्यावं. त्यात साधारणपणे वीस वर्षांचा हक्क मिळतो, बदल्यात सगळं जाहीर करावं लागतं. गुपिताला मुदत नाही. पण दुसऱ्या कुणी तीच गोष्ट स्वतःच्या अकलेने शोधली, किंवा बाजारातून विकत घेतलेला माल उलगडून त्यातली युक्ती ओळखली, तर तक्रारीला जागा नाही. तो त्याचा हक्क आहे.

[दृश्य: काचेची भट्टी, फुंकणीच्या टोकाला लाल गोळा.]

भुकटीचं यंत्र भिंतीआड राहिलं, कारण जाणणारी माणसं मोजकी आणि घरची होती. धंदा वाढला की हे साधत नाही. व्हेनिसने १२९१ मध्ये काचेच्या भट्ट्या मुरानो बेटावर हलवल्या. त्यात आगीची भीती होती, आणि पुढे कारागिरांवर नजर ठेवायलाही बेट सोयीचं ठरलं. कारागिरांनी परवानगीशिवाय बाहेर जायचं नाही, असे कडक नियम होते. तरी १६६० च्या दशकात फ्रान्सचा मंत्री कोल्बेर याने मुरानोचे आरसे करणारे कारागीर फोडून नेले, आणि १६६५ मध्ये फ्रान्सचा राजाश्रयी आरशांचा कारखाना सुरू झाला. व्हर्सायच्या महालातलं आरशांचं दालन त्याच उद्योगाचं फळ. बेटाभोवती पाणी होतं, शिक्षेची धमकी होती. पण रीत कारागिराच्या हातात असते आणि हात माणसाबरोबर जातात.

आज हात कमी आणि फायली जास्त जातात. २०१७ मध्ये स्वयंचलित मोटारी बनवणाऱ्या वेमो कंपनीने उबरवर दावा लावला. आरोप असा, की एका वरिष्ठ अभियंत्याने नोकरी सोडण्याआधी १४,००० च्या वर फायली उतरवून घेतल्या, आणि पुढे त्याची नवी कंपनी उबरने विकत घेतली. फेब्रुवारी २०१८ मध्ये, खटला चालू असतानाच तडजोड झाली आणि उबरला आपल्या समभागांचा हिस्सा द्यावा लागला. हेरगिरी म्हटली की रात्री भिंत चढणारा चोर डोळ्यांसमोर येतो. प्रत्यक्षात आत जाण्याची रीतसर परवानगी असलेलाच माणूस, बहुधा शेवटच्या काही आठवड्यांत, माहिती घेऊन जातो.

म्हणून मालक घाबरतात आणि दुसऱ्या टोकाला जातात. सोडून गेलास तर अमुक वर्षं या क्षेत्रात कामच करायचं नाही, असं लिहून घेतात. हे मला मान्य नाही, आणि अनेक कायद्यांनाही नाही. १८७२ साली जगाच्या दोन टोकांना जवळजवळ एकच नियम झाला: भारताच्या करार कायद्याचं २७वं कलम आणि कॅलिफोर्नियाचा दिवाणी कायदा. माणसाला त्याचा धंदा-व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार, थोडे अपवाद सोडले तर, रद्दबातल. नोकरी करताना माणूस जे शिकतो, हात जसा सरावतो, कोणतं काम कसं करावं याची जी जाण येते, ती त्याची स्वतःची. ती मागे ठेवून तो जाणार कसा?

सीमारेषा कुठे आहे, याचा एक चांगला दाखला इंग्लंडमधला आहे. घाऊक माल गाड्यांतून गिऱ्हाइकांपर्यंत पोहोचवणाऱ्या एका कंपनीचा विक्री व्यवस्थापक बाहेर पडला, त्याने स्वतःचा तसाच धंदा काढला, जुन्या कंपनीचे काही कामगारही त्याच्याकडे गेले. कंपनीचं म्हणणं, गिऱ्हाइकांची नावं, रस्ते, भाव ही आमची गुपितं. १९८६ मध्ये अपील न्यायालयाने ते मानलं नाही. ही माहिती कामाच्या ओघात सगळ्यांनाच ठाऊक होती, गुप्त म्हणून ती वेगळी ठेवलेली नव्हती. नोकरीत असताना ती बाहेर देणं चूक ठरलं असतं; नोकरी सुटल्यावर नुसत्या आठवणीवर बंदी घालता येत नाही. हीच यादी कोणी छापून पळवली असती, तर गोष्ट वेगळी.

[दृश्य: संगणकाचा पडदा, फोल्डरला लागलेलं कुलूप.]

मग करायचं काय? आधी गुपितं कोणती, हे बसून लिहून काढायचं. हे काम कंटाळवाणं आहे, म्हणून टाळलं जातं. पण सगळ्याच कागदांवर 'गोपनीय' असा शिक्का मारला, की शिक्क्याला अर्थ उरत नाही, आणि कोर्टातही ते अंगाशी येतं. यादीत एक गोष्ट हमखास राहते: फसलेले प्रयोग. कोणतं मिश्रण जमलं नाही, कोणत्या तापमानाला माल बिघडला. प्रतिस्पर्ध्याला हे आयतं मिळालं, तर त्याची वर्षं वाचतात. अनेक ठिकाणी कायदाही याला गुपित मानतो.

यादी झाली की ज्याला कामासाठी लागतं, त्यालाच तेवढं द्यायचं. कुणी काय उघडलं, याची नोंद आपोआप होऊ द्यायची; पुढे तीच नोंद पुरावा होते. बाहेरच्याशी बोलण्याआधी करार, आणि करारातली मुदत नीट वाचायची. दोन वर्षांनी बंधन संपतं असं लिहून दिलं, तर तिसऱ्या वर्षी ती माहिती गुप्त होती, हे पटवणं फार अवघड जातं. हल्ली एक नवी वाट झाली आहे: घाईत असलेला माणूस कंपनीचा मजकूर इंटरनेटवरच्या एआय साधनात चिकटवतो. त्याच्या मनात काही वाईट नसतं. कोणतं साधन चालेल, कोणतं नाही, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

[दृश्य: जुनी लाकडी फरशी. तिच्याखालचा अंधार.]

गुपिताची एक काळी बाजूही सांगायला हवी. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये चेंबर्लेन नावाचं वैद्यांचं घराणं होतं. अडलेल्या बाळंतपणात बाळाला बाहेर काढणारा चिमटा त्यांनी तयार केला होता. तो त्यांनी शंभर वर्षांहून जास्त काळ घराण्यातच ठेवला. १६७० मध्ये घराण्यातला ह्यू चेंबर्लेन ते गुपित विकायला पॅरिसला गेला होता, सौदा फिसकटला. १८१३ मध्ये एसेक्समधल्या त्यांच्या जुन्या घरात, फरशीखाली लपवलेली ती अवजारं सापडली. त्या काळात जिथे हा चिमटा पोहोचला नाही तिथे किती बाया, किती बाळं गेली, याची मोजदाद नाही. मालकी हक्काच्या नावाने हे समर्थनीय होतं असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आताचे कायदे निदान एका बाबतीत शहाणे झाले आहेत. युरोपचा निर्देश आणि अमेरिकेचा २०१६ चा कायदा, दोन्हींत गैरव्यवहार उघड करणाऱ्याला संरक्षण आहे. नदीत विष सोडणारी कंपनी ते कारखान्याचं गुपित आहे म्हणून कामगाराचं तोंड बंद करू शकत नाही.

[दृश्य: कार्यालयाचं दार. एक माणूस बाहेर पडतो, दुसरा आत येतो.]

जाणाऱ्या माणसाशी शेवटच्या दिवशी बोलणं ही रीत बऱ्याच ठिकाणी आता पडली आहे. लॅपटॉप परत घेतात, खाती बंद करतात, कोणती माहिती बाहेर द्यायची नाही याची आठवण करून देतात. येणाऱ्या माणसाशी मात्र कुणी बोलत नाही, आणि ते मला अधिक धोक्याचं वाटतं. तो उत्साहात असतो, पहिल्याच आठवड्यात काहीतरी करून दाखवायचं असतं, आणि जुन्या ठिकाणची एखादी फाइल त्याच्या पेन ड्राइव्हमध्ये राहिलेली असते. ती तुमच्या संगणकावर आली, की दावा तुमच्यावरही लागू शकतो, आणि आम्हाला ठाऊक नव्हतं हे तुम्हालाच पटवून द्यावं लागतं. त्याला रुजू होण्याआधीच लेखी कळवा: तुमचं कौशल्य हवं आहे, जुन्या मालकाचा एकही कागद नको. आणि पहिल्या बैठकीत कुणी त्याला "तिकडे हे कसं करत होते?" असं विचारलं, तर तो प्रश्न तिथल्या तिथे थांबवा.