बोळातली लाइन, तीन घरांचा खर्च

(दृश्य: दोन भिंतींमधला अरुंद बोळ. चेंबरचं झाकण सरकवलेलं.)

पूर्वी इथे एकच वाडा होता. भावाभावांत वाटणी झाली, भिंती उठल्या, घरं तीन झाली. जमिनीखालची ड्रेनेज लाइन मात्र एकच राहिली. साताऱ्याच्या, मिरजेच्या, नाशिकच्या जुन्या पेठांत असे बोळ पावलोपावली दिसतात.

लाइन तुंबली की ठरलेलं वाक्य कानावर येतं : "पाइप तुमच्या जागेत आहे, तुम्हीच बघा." यावरून वर्षानुवर्षं अबोला धरलेली घरं आहेत, आणि त्याचं मनापासून वाईट वाटतं, कारण हे वाक्यच चुकीचं आहे. खर्च ठरतो तो फुटलेल्या तुकड्यातून कुणाचं पाणी वाहतं त्यावर.

आधी खरेदीखत किंवा वाटपपत्र काढा. त्यात खर्चाची वाटणी लिहिली असेल तर तीच धरायची. नसेल तर 1882 चा भारतीय सुविधाधिकार कायदा आहे. दुसऱ्याच्या जागेतून पाणी नेण्याचा हक्क ज्याचा, दुरुस्तीचा खर्च त्याचा, असं कलम 25 सांगतं. कलम 24 प्रमाणे त्याला शेजाऱ्याच्या अंगणात खणता येतं, पण अंगण होतं तसं करून द्यावं लागतं. दुरुस्ती टाळल्यामुळे शेजाऱ्याच्या घराच्या पायात पाणी मुरलं तर कलम 26 खाली भरपाईही त्याच्याच माथी. ज्याच्या अंगणाखालून लाइन नुसती जाते, पण त्याचं पाणी तिच्यात नाही, त्याने पदरचा पैसा घालायचा नाही. फक्त अडवायचं नाही.

(आकृती: उतारावर तीन घरं.)

वरच्या घरापासून मधल्या घराच्या चेंबरपर्यंतचा पाइप फुटला, तर खर्च एकट्या वरच्याचा, मग तो पाइप मधल्याच्या तुळशीवृंदावनाखाली का असेना. मधल्या चेंबरपासून खालच्या चेंबरपर्यंत दोघांचा. तिथून रस्त्यापर्यंत तिघांचा. बारा हजारांचं काम असेल तर चार-चार हजार.

म्हणून कुदळ मारण्याआधी तुकडा शोधा. सगळी झाकणं एकदम उघडा. वरचं चेंबर भरलेलं आणि खालचं कोरडं असेल, तर अडथळा त्या दोघांच्या मध्ये. कुणाचं पाणी कुठे जातं याची खात्री नसेल तर एकेका घराच्या मोरीत चमचाभर रंग बादलीभर पाण्यात ओता आणि चेंबरशी उभे राहा. गळती शोधायची तर तुकड्याचं खालचं तोंड गोणपाटात बांधलेल्या वाळूच्या पिशवीने बंद करा, वरून पाणी भरा, चेंबरच्या भिंतीवर खडूने रेघ मारा. अर्ध्या तासात पाणी झपाट्याने उतरलं तर सांधे गेलेत. जुन्या स्टोनवेअर (भाजक्या मातीच्या) पाइपला साधारण दर दोन फुटांवर सांधा असतो, आणि पिंपळाची मुळं नेमकी तिथूनच शिरतात.

चेंबर फक्त मुसळधार पावसात उसळत असेल, तर पाइपला दोष देण्याआधी गच्चीकडे बघा. कुणीतरी पागोळीचा पाइप ड्रेनेजला जोडलेला असतो. तो सोडवण्याचा खर्च जोडणाऱ्याचाच. माडी चढवून भाडेकरू ठेवले आणि लाइन अपुरी पडली, तरी तेच. मूळ हक्काचा बोजा असा परस्पर वाढवता येत नाही, हे कलम 29 मध्ये आहे.

खोल चेंबरमध्ये किंवा सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवू नका. सुरक्षा साधनांशिवाय उतरवणं हाताने मैला साफ करून घेण्यावर बंदी घालणाऱ्या 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि आतल्या वायूने क्षणात जीव जातो. जेटिंगची (पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने लाइन मोकळी करणारी) गाडी मागवा; बोळात शिरत नसली तरी तिचा होज शिरतो.

(दृश्य: गवंड्याचे हात, पाइपचं टोक.)

नवा पाइप 110 मिलिमीटरचा, जमिनीखाली टाकायच्या प्रतीचा. उतार दर मीटरला अडीच सेंटीमीटर. खाली चार इंच वाळू हवीच. दगडावर टेकलेला पाइप वरच्या वजनाने तडकतो. चेंबरच्या भिंतीत जाणारं टोक नीट बघा. गुळगुळीत प्लॅस्टिकला सिमेंट धरत नाही, म्हणून गवंडी बाहेरून पाइप जोडायचं सोल्युशन फासून त्यावर वाळू भुरभुरवतो. ही पाच मिनिटं वाचवली की पुढच्या पावसाळ्यात तिथूनच पाझर सुरू होतो.

चर बुजवण्याआधी भिंतीपासूनचं अंतर टेपने मोजा आणि टेप दिसेल असा फोटो काढा. कुणी किती पैसे दिले ते कागदावर लिहून तिघांच्या सह्या घ्या, आणि एकेक प्रत ज्याच्या त्याच्या खरेदीखताला जोडा.